हातच्या कामाला कागद मिळवायचा तर: वहीपासून प्रमाणपत्रापर्यंत

औसा तालुक्यातले एक गवंडीमामा माझ्या चांगल्या ओळखीचे आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ते पंधरा-सोळा वर्षांचे होते. पुढे पुनर्वसनाची गावं उभी राहू लागली. त्या कामावर विटा आणि माल उचलता उचलता थापी हातात आली, ती आजवर सुटलेली नाही. दोन वर्षांपूर्वी ते कौशल्य चाचणीला बसले. प्रात्यक्षिकात भिंत उचलली, ओळंबा सोडला तर दोरा वरपासून खालपर्यंत सारखा. मग तोंडी परीक्षा झाली. परीक्षकाने विचारलं, "बाहेरच्या प्लास्टरला सिमेंट-वाळूचं प्रमाण काय?" मामा म्हणाले, "गोणीला बारा घमेली." परीक्षकाच्या कागदावर उत्तर होतं 'एकास चार'. गुण गेले.

नंतर भेटले तेव्हा म्हणाले, "सर, ते इचारायलेत येगळं अन् मी सांगायलो येगळं."

आम्ही त्यांच्या साइटवर जाऊन त्यांचंच घमेलं लिटरच्या बाटलीने पाणी ओतून मोजलं. बारा लिटर भरलं. सिमेंटची गोणी ५० किलोची, तिचं आकारमान साधारण ३५ लिटर. एकास चार म्हणजे वाळू १४० लिटर, आणि बारा लिटरच्या घमेल्याने ती होते पावणेबारा घमेली. मामांचं उत्तर बरोबर होतं. परीक्षकाला घमेल्याचा हिशोब ठाऊक नव्हता आणि मामांना प्रमाणाची भाषा.

मी आयटीआयमध्ये निदेशक म्हणून बरीच वर्षं काढली आहेत. लातूर, धाराशिव, बीडकडची शेकडो माणसं अशा चाचण्यांना बसताना पाहिली. हातात कसब नाही म्हणून नापास झालेले थोडे. आपलं काम तुकड्या-तुकड्याने सांगता आलं नाही, म्हणून मागे राहिलेले कितीतरी जास्त. म्हणून या लेखात फॉर्म भरण्यापेक्षा तयारीवर जास्त लिहिलं आहे.

कागद कशासाठी हवा, ते आधी ठरवा

'सर्टिफिकेट पाहिजे' असं म्हणत लोक येतात. मी पहिला प्रश्न विचारतो, कुणाला दाखवायचं आहे? त्यावर पुढचा सगळा रस्ता ठरतो.

काम करत करत शिकलेल्या माणसाची परीक्षा घेऊन त्याला कौशल्याचं प्रमाणपत्र देण्याच्या पद्धतीला आरपीएल म्हणतात. आपण तिला पूर्वज्ञानाची मान्यता म्हणू. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेचा हा एक भाग आहे. तुम्ही कुठे शिकलात, हे इथे गौण आहे. काय येतं, ते तपासलं जातं. योजनेच्या चौथ्या टप्प्यात यासाठी वय १८ ते ५९ धरलं आहे. कंपनीत कायम होण्यासाठी, बाहेरगावी काम मिळवण्यासाठी किंवा मोठ्या ठेकेदाराकडे दर मागण्यासाठी हा कागद कामाचा.

सुतार, लोहार, कुंभार, चांभार, शिंपी, न्हावी, गवंडी, परीट, टोपल्या-झाडू करणारे असे हातावर पोट असणारे कारागीर असाल, तर १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना बघा. तिच्यात असे १८ व्यवसाय आहेत. पाच-सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत आणि पुढे ५ टक्के व्याजाने कर्ज: आधी एक लाख, मग दोन लाख. एका कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो. घरात कुणी सरकारी नोकरीत असेल तर अर्ज बाद होतो. नोंदणी सीएससी केंद्रावर, म्हणजे ऑनलाइन सरकारी अर्ज भरून देणाऱ्या सेवा केंद्रावर, होते आणि गावात पडताळणी ग्रामपंचायतीकडून सुरू होते. स्वतःचं दुकान चालवणाऱ्याला माझ्या मते आरपीएलपेक्षा ही वाट जवळची, कारण त्याला कागदाहून अवजाराची आणि भांडवलाची गरज जास्त असते.

काही कामांना मात्र कौशल्याचं प्रमाणपत्र पुरत नाही. तिथे कायद्याने परवानाच लागतो. घरात वायरिंग करायला तारतंत्रीचा परवाना, साखर कारखान्यात बॉयलरवर उभं राहायला बॉयलर अटेंडंटचं सक्षमता प्रमाणपत्र, ट्रक चालवायला त्या वर्गाचं लायसन. 'हे सर्टिफिकेट घ्या, परवान्याची गरज नाही' असं कुणी सांगितलं तर त्याच्या नादी लागू नका.

आणि अडचण शाळेचीच असेल, म्हणजे दहावी नाही म्हणून दार बंद होत असेल, तर वाट वेगळी आहे. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी-बारावी करता येते. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळातून पाचवी-आठवीही होते. त्यापुढे नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. १९८९ पासून ते शिकायचं राहून गेलेल्यांसाठीच चालतं, आणि त्याची विभागीय केंद्रं छत्रपती संभाजीनगरला आणि नांदेडला आहेत.

वही घाला

सगळ्यात महत्त्वाचं काम हे. शंभर पानी वही घ्या. तिच्यात आपलं काम असं उतरवा की ते काम कधी न पाहिलेल्या माणसालाही कळावं. लिहिता येत नसेल तर तुम्ही बोला, घरातल्या लेकराला लिहू द्या.

'मी वीस वर्षांपासून वेल्डिंग करतो' या वाक्यावर परीक्षकाला काही देता येत नाही. 'गेट आणि ग्रिल करतो. ३ ते ६ मिलिमीटर पट्टी आणि अँगल. उभा आणि आडवा जोड जमतो, डोक्यावरचा जोड केलाय पण कमी. अंडरकट, म्हणजे जोडाच्या कडेला खाच, आला तर करंट कमी करून हात सावकाश चालवतो' असं लिहिलं की त्याला चार-पाच गोष्टी तपासायला मिळतात. आणि डोक्यावरच्या जोडाचा सराव कमी आहे, हे चाचणीआधी तुमच्याच ध्यानात येतं.

ज्यांच्या कामाला कुणी कामच म्हणत नाही, त्यांना ही वही फार उपयोगी पडते. जालन्याकडे शेडनेटमध्ये मिरची-टोमॅटोच्या बियाण्याचं क्रॉसिंग करणाऱ्या बाया आहेत. काय करता ताई, विचारलं तर म्हणतात, "काय नाय, मजुरीनं जाते." एका ताईंबरोबर बसून त्यांच्या दिवसाचं काम वहीत उतरवलं, ते असं निघालं:

दुपारनंतर मादी ओळीत फिरून उद्या उमलेल अशी कळी ओळखते. कालची उमललेली सोडते, फार लहान असेल तर हात लावत नाही. चिमट्याने कळी उघडून आतलं नराचं सगळं काढते, मधल्या काडीला धक्का लागू देत नाही. धक्का लागला तर ती कळी तोडून टाकते. दुसऱ्या दिवशी सकाळी नर ओळीतून आणलेला पराग लावते आणि खूण करते. खूण नसलेलं फळ दिसलं की तोडते. दुसऱ्या ओळीत जायच्या आधी चिमटा आणि हात पुसते.

हे मजुरीचं वर्णन नाही. निरीक्षण, नेमकेपणा, स्वच्छता, चूक ओळखून ती काढून टाकणं, सगळं यात आलं. मी विचारलं, चिमटा का पुसता? ताई म्हणाल्या, "दुसरं बी मिसळलं तर जीओटीत पलाट फेल जातो. मग मालकाला काय मिळतंय अन् आमाला काय मिळतंय?" जीओटी म्हणजे बियाण्याची शुद्धता शेतात पेरून तपासण्याची चाचणी. कामाची पद्धत तर ताईंना ठाऊक होतीच, ती तशी का, हेही ठाऊक होतं. परीक्षक नेमकं हे 'का' विचारतो, म्हणून वहीत प्रत्येक कामापुढे एक ओळ 'असं का' यासाठी ठेवा.

गवंडीमामांच्या वहीत अशीच एक ओळ आहे. खिडकीच्या वर बेल्ट, म्हणजे काँक्रीटचा सलग पट्टा, का टाकायचा? भूकंपात भिंती चारी बाजूंनी एकमेकींपासून सुटू नयेत, बांधून राहाव्यात म्हणून. हे त्यांना पुस्तकाने शिकवलं नाही.

त्याच वहीच्या मागच्या पानांवर मापांचं भाषांतर करा. तुमचं घमेलं किती लिटरचं, तुमची वीत किती इंच, 'बोटभर जाड' म्हणजे किती मिलिमीटर. विटेच्या जोडाईला एकास सहा प्रमाण सांगितलं तर बारा लिटरच्या घमेल्याने साडेसतरा घमेली वाळू, हे आधीच काढून ठेवा. गुण्या न वापरता काटकोन काढायला दोरीने तीन फूट, चार फूट आणि तिरकस पाच फूट धरता ना? तेही लिहा. तोंडी परीक्षेत हे उत्तर खणखणीत लागतं.

पुरावे जमवा, पण नेमके

मोबाइलमध्ये फोटो सगळ्यांकडे असतात. तयार गेटचा एकच फोटो मात्र काही सिद्ध करत नाही, तो कुणाच्याही गेटचा असू शकतो. एकाच कामाचे तीन फोटो काढा: सुरुवातीचा, अर्ध्या कामात तुम्ही स्वतः हात लावलेला आणि शेवटचा. खाली तारीख, गाव आणि मालकाचं नाव टिपून ठेवा. अशी पाच कामं पुरतात. पन्नास फोटो कुणी बघत नाही.

वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या एमआयडीसीत ठेकेदारामार्फत काम केलं असेल, तर एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. ठेकेदार बदलतो, गेटपास परत घेतात, पण पीएफचं पासबुक राहतं. त्यात कोणत्या आस्थापनेत कधीपासून कधीपर्यंत होतात, ते दिसतं. यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा कायमचा नंबर, काढून ते पासबुक उतरवून घ्या. पगाराच्या चिठ्ठ्या, ईएसआयसीचं कार्ड, कंपनीत झालेल्या छोट्या प्रशिक्षणाचे कागद, सगळं एका फाइलीत लावा.

बांधकाम कामगारांकडे कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीसाठी घेतलेलं ९० दिवसांचं प्रमाणपत्र असतं. ते काम केल्याचा पुरावा आहे, कसबाचा नव्हे. ई-श्रम कार्डाचंही तसंच. दोन्ही लावा, पण त्यांच्या भरवशावर राहू नका.

मालकाचं किंवा ठेकेदाराचं पत्र घ्या. 'माणूस चांगला आणि प्रामाणिक आहे' असं पत्र काही उपयोगाचं नाही. असं लिहून मागा:

"हे माझ्याकडे अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत गवंडी म्हणून होते. विटेची जोडाई, आतलं-बाहेरचं प्लास्टर, फरशी ही कामं त्यांनी स्वतः केली. आखणी त्यांनीच केली. त्यांच्या हाताखाली दोन मदतनीस होते. कामात दुरुस्ती निघाली नाही."

खाली नाव, सही, फोन. हाताखाली माणसं होती, हे वाक्य विसरू नका. त्यावरून वरच्या पातळीसाठी विचार होऊ शकतो.

नोंदणी

जिल्ह्याच्या ठिकाणी कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र असतं. तिथे जाऊन एकच विचारा: माझ्या कामाची आरपीएलची बॅच आपल्या जिल्ह्यात चालू आहे का, आणि नसेल तर कुठे आहे? योजनांचे टप्पे बदलतात, बॅच येतात-जातात, म्हणून फोनवरच्या उत्तरावर विसंबू नका. जवळच्या सरकारी आयटीआयमध्येही चौकशी करा. ऑनलाइन नोंदणी स्किल इंडिया डिजिटल हबवर होते. त्याला आधार आणि आधारला जोडलेला चालू मोबाइल नंबर लागतो.

इथे आमच्याकडे नेहमी घोटाळा होतो तो नावात. आधारवर एक स्पेलिंग, बँकेत दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं. लग्नानंतर बायकांची नावं बदलतात, तिथे तर फारच. प्रमाणपत्रावर एकदा चुकीचं नाव छापलं की दुरुस्तीला महिने जातात. म्हणून फॉर्म भरायच्या आधी आधार नीट करून घ्या, आणि सीएससीवाला फॉर्म भरत असेल तर सबमिट करायच्या आधी स्क्रीनवर स्वतः अक्षर-अक्षर वाचा.

योजनेतून होणाऱ्या चाचणीला उमेदवाराकडून पैसे घ्यायचे नसतात. कुणी 'प्रोसेसिंग'चे मागितले तर पावती मागा.

तुमचं काम आणि त्यांचा निकष

प्रत्येक कामासाठी सरकारने निकष लिहून ठेवलेले आहेत. त्यांना क्वालिफिकेशन पॅक म्हणतात. कौशल्यांची राष्ट्रीय चौकट २०१३ साली आली, तिच्यात पातळ्या आहेत, आणि २०२३ मध्ये तिची फेररचना होऊन त्या आठ झाल्या. मदतनीस गवंड्याची पातळी वेगळी, स्वतः आखणी करून भिंत उचलणाऱ्याची वेगळी. केंद्रावर सोय बघून तुम्हाला खालच्या पातळीत बसवतील. 'बॅच तीच आहे' म्हणतील. ऐकू नका. तुमची वही दाखवा आणि तुमच्या कामाची पातळी मागा. खालच्या पातळीचा कागद घेऊन आलेल्या अनुभवी माणसाला पुढे त्याच दराने बांधलेलं मी पाहिलं आहे.

निकषांची फाइल केंद्रावरून किंवा नॅशनल क्वालिफिकेशन रजिस्टरवरून मिळते. ती बहुतेक इंग्रजीत असते. गावातल्या शिकलेल्या पोराला बसवून वाचून घ्या. तिच्या शेवटी एक तक्ता असतो: कोणत्या कामाला लेखी किती गुण, प्रात्यक्षिकाला किती, तोंडीला किती. तो तक्ता आणि तुमची वही शेजारी ठेवा. जे येतं त्यावर खूण करा. जे उरतं तेवढाच तुमचा अभ्यास. बहुतेकांचं उरतं तेच ते: सुरक्षेचे नियम, अवजारांची देखभाल, हिशोब आणि नोंद ठेवणं. आरपीएलमध्ये चाचणीआधी छोटं मार्गदर्शनाचं प्रशिक्षण असतं. त्यात हात न शिकवता हेच शिकवतात, म्हणून 'मला सगळं येतं' म्हणून ते बुडवू नका.

चाचणीच्या दिवशी

भाषेचं आधी बोलून ठेवा. लेखी प्रश्न मराठीत हवेत, हे केंद्राला नोंदणीच्या वेळीच सांगा. चाचणीच्या सकाळी सांगून काही होत नाही. टॅबवर परीक्षा असेल तर दोन दिवस घरच्या मोबाइलवर बोटाने पर्याय निवडायचा सराव करा. पन्नाशीतले लोक इथे घाबरतात, आणि त्याचा त्यांच्या कसबाशी काही संबंध नसतो.

प्रात्यक्षिकात पहिली पाच मिनिटं फार महत्त्वाची. गावात आपण वेल्डिंग करताना डोळे मिटून टाका मारतो, चप्पल घालून विटा उचलतो. तिथे तसं केलं की काम कितीही सुबक झालं तरी गुण जातात. आधी बूट, हातमोजे, चष्मा किंवा शील्ड. मग जागा झाडून घ्या, केबल कुठे उघडी आहे का बघा, अर्थिंग बघा. हे करताना तोंडाने बोला: "केबल तपासतो आहे." परीक्षकाला दिसलं नाही तरी ऐकू येतं. न बोलता काम करायची आपली सवय असते, त्या दिवशी ती मोडा.

काम चुकलं तर लपवू नका. समजा वेल्डिंगच्या जोडात हवेचं भोक, म्हणजे ब्लो होल, राहिलं. "इथे ब्लो होल आलंय, ग्राइंडरने काढून परत भरतो" असं म्हणून केलं तर ती चूक तुमच्या बाजूने जाते. चूक ओळखणं हा कसबाचाच भाग आहे.

तोंडी परीक्षेत प्रश्न समजला नाही तर सरळ म्हणा, "सर, आमच्याकडे याला काय म्हणतात ते सांगा, किंवा वस्तू दाखवा." यात कमीपणा नाही. आणि उत्तर आपल्या मापात आलं तर तिथेच थांबू नका: "गोणीला बारा घमेली, म्हणजे एकास चार, माझं घमेलं बारा लिटरचं."

जे परीक्षा घेतात त्यांच्यासाठी

हा भाग ठेकेदार, बचत गटाच्या ताई, छोट्या कारखान्याचे सुपरवायझर आणि माझ्यासारखे निदेशक, सगळ्यांसाठी. माणसाला वाचता येतं का, हे तपासायचं नसेल तर ते तपासलं जाणार नाही याची काळजी घ्या. प्रश्न वाचून दाखवा. वस्तू हातात द्या. 'प्रमाण काय' असं विचारण्यापेक्षा गोणी आणि वाळूचा ढीग दाखवून 'माल कालवा' म्हणा आणि बघा. सगळ्या उमेदवारांना सारखंच काम, सारखाच वेळ, सारखंच सामान द्या. दोन परीक्षकांनी वेगवेगळे गुण देऊन मग एकत्र बसावं. फरक मोठा असेल तर निकष नीट लिहिलेला नाही, असं समजा. आणि नापास केलं तर कशात, ते एका ओळीत लिहून द्या. 'सराव कमी' लिहू नका. 'डोक्यावरच्या जोडात स्लॅग (वेल्डिंगचा मळ) राहतो' लिहा. तेवढ्यावर माणूस महिनाभरात सुधारून येतो.

निकालानंतर

नापास झालात तर पुन्हा बसता येतं का आणि कधी, ते केंद्रावर लगेच विचारा. कोणत्या भागात गुण गेले, तेही मागून घ्या. गवंडीमामांचे तोंडीत गेले होते. दुसऱ्या वेळी त्यांनी एकच पान पाठ केलं: घमेल्याचं.

पास झालात तर प्रमाणपत्र डिजिलॉकरमध्ये उतरवून ठेवा आणि वरचा क्यूआर कोड एकदा स्वतःच्या मोबाइलने स्कॅन करून बघा. तो उघडला नाही किंवा भलतंच नाव दिसलं तर त्याच आठवड्यात तक्रार करा. परीक्षा न घेता प्रमाणपत्र देणारे भेटतात. असा कागद कंपनीने तपासला की नोकरी जाते, आणि त्या गावातल्या खऱ्या प्रमाणपत्रवाल्यांवरचाही विश्वास उडतो.

या शिक्षणाचे आता क्रेडिटही, म्हणजे पुढच्या शिक्षणात जमा धरले जाणारे श्रेयांक, धरता येतात. २०२३ मध्ये आलेल्या राष्ट्रीय क्रेडिट चौकटीत शिकण्याच्या ३० तासांना एक क्रेडिट असा हिशोब आहे. पुढे मुक्त विद्यापीठात किंवा आयटीआयमध्ये जायचा विचार असेल तर प्रवेशाच्या वेळी हा विषय काढा. तुमच्या प्रमाणपत्रावर क्रेडिट लिहिले आहेत का, ते आधी पाहा.

दराचं बोलताना नुसता कागद पुढे करू नका. ठेकेदाराला कागदाशी देणंघेणं नसतं, त्याचा माल किती वाया जातो आणि काम किती वेळा दुरुस्त करावं लागतं याच्याशी असतं. वहीतली पाच कामं दाखवा, पत्रातली 'दुरुस्ती निघाली नाही' ही ओळ दाखवा, मग प्रमाणपत्र दाखवा.

आणि वही बंद करू नका. दर महिन्याला एक पान भरा: नवीन काय केलं, कुणाला शिकवलं, काय चुकलं. गवंडीमामांच्या वहीत सध्या हाताखालच्या दोन पोरांची नावं आहेत. कुणाला कोणत्या तारखेला पहिल्यांदा ओळंबा धरू दिला, तेही त्यांनी नातीकडून लिहून घेतलं आहे. पुढची चाचणी त्यांना सुपरवायझरच्या पातळीची द्यायची आहे, त्यासाठी हीच पानं लागतील.